सहल विसाव्याची हवी असेल, तर भंडारदऱ्याला एकाच काठावर बसा

वाचक भगिनीचे पत्र : "आम्ही नाशिकला राहतो. घरात यजमान, मी, नववीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई आहेत. यंदा २६ जानेवारी सोमवारी येत असल्यामुळे सर्वांना सलग तीन दिवस सुट्टी आहे आणि त्यातला एक दिवस भंडारदऱ्याला जाऊन यावे, असे घरात चालले आहे. गेल्या वर्षीही आम्ही असेच गेलो होतो. आदल्या रात्री साडेबारापर्यंत मी पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि धपाटे करत होते. एका दिवसात धरण, रंधा धबधबा, रतनवाडीचे देऊळ, घाटघर आणि सांदण दरी असे सगळे उरकले. मुलीला वळणांवर उलट्या झाल्या. गुडघ्यांमुळे उतरता येत नसल्याने सासूबाई सांदणला अडीच तास गाडीतच बसून राहिल्या. रात्री अकराला घरी येऊन डबे घासताना मला रडू आले. यजमान म्हणतात, एवढे पेट्रोल जाळून जायचे तर सगळे बघूनच यावे. सासूबाई म्हणतात, मी घरीच राहते, माझ्यामुळे तुमची अडचण नको. मला मात्र पाण्याकाठी फक्त शांत बसायचे आहे. असे वाटणे स्वार्थीपणाचे आहे का? आणि एका दिवसात खरोखर विश्रांती मिळेल अशी सहल होऊ शकते का?"

— नाव न छापण्याच्या विनंतीसह, नाशिक

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातला 'उरकले' हा शब्द मी दोनदा वाचला. आपण भांडी उरकतो, बाजार उरकतो, पाहुण्यांची जेवणे उरकतो. आणि गेल्या वर्षी तुम्हा पाच जणांची सुट्टीही त्याच क्रियापदाने संपली. पाण्याकाठी शांत बसावेसे वाटणे हा स्वार्थ नाही. वर्षभर ज्या बाईच्या हातून घरातल्या चौघांची वेळेवर जेवणे, डबे आणि औषधे होतात, तिने एक दिवस पाण्याकडे बघत बसायचे म्हटले, तर तिची मागणी फार लहान आहे आणि ती घरच्यांनी विनातक्रार पुरी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे स्वार्थाचा प्रश्न आपण इथेच मिटवू आणि सहल कशी करायची, याकडे वळू.

होय, एका दिवसात विश्रांती मिळते. अट एकच आहे, आणि ती यजमानांना आधी मान्य व्हायला हवी : ठिकाण एकच ठेवायचे. नाशिकहून भंडारदरा सुमारे ७० किलोमीटर आहे. महामार्गाने घोटीपर्यंत जायचे, तिथे महामार्ग सोडून बारी गावावरून धरणाजवळचे शेंडी गाव गाठायचे, याला न थांबता दोन तास पुरतात. म्हणजे जाण्यायेण्यात चार तास जातात आणि हातात सात-आठ तास राहतात. गेल्या वर्षी तुम्ही हेच तास पाच ठिकाणांत वाटले, म्हणून प्रत्येक ठिकाणी गाडी लावणे, उतरणे, फोटो काढणे आणि 'चला, चला' म्हणणे एवढेच हाती आले. रतनवाडी, घाटघर आणि सांदण दरीजवळचे साम्रद ही गावे जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर आहेत. नकाशावर ती शेजारी शेजारी दिसतात, पण तो रस्ता वळणांचा आहे आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर गाड्यांची रांग लागते. मुलीच्या उलट्या तिथेच सुरू झाल्या असणार.

यजमानांच्या पेट्रोलच्या हिशेबाला तुम्ही भावनेने उत्तर देऊ नका, हिशेबानेच द्या. पाच ठिकाणे केली की नाशिक ते शेंडी आणि परत या अंतरात आणखी कित्येक किलोमीटरची भर पडते, आणि तीही घाटरस्त्याची. एकाच काठावर बसले तर तेवढे पेट्रोल वाचते. शिवाय ते स्वतः गाडी चालवतात, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही कितीतरी तास त्यांचे हात स्टिअरिंगवर असतात. तुमच्या पत्रात त्यांच्या थकव्याविषयी एक वाक्यही नाही, पण मला खात्री आहे की रात्री अकराला घरी पोचलेला तो माणूसही गळून गेला असणार. विश्रांती त्यांनाही हवी आहे, हे तुम्ही त्यांना बोलून दाखवा. 'तुम्ही ऐकत नाही' या वाक्याने सुरुवात केली तर बोलणे भांडणावर जाईल. 'या वेळी तुम्हीही दुपारी तासभर झाडाखाली झोपा' असे म्हणालात तर ते ऐकतील.

आता जागेविषयी. भंडारदऱ्याचे धरण प्रवरा नदीवर आहे. त्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले आणि मागच्या पाण्याला आर्थर लेक म्हणू लागले. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक होती. जलाशय भरला की त्यात ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी मावते, आणि हे पाणी खाली अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या भागातल्या शेतांना जाते. हे मी मुलांना सांगण्यासाठी लिहीत आहे, कारण नववीतल्या मुलाला 'बघ किती सुंदर आहे' असे सांगून त्याचे मन रमत नाही. हे पाणी कुठून येते, कुठे जाते आणि कोणाच्या उसाला मिळते, हे सांगितले तर तो भिंतीकडे दोनदा बघतो.

रंधा धबधब्याविषयी आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे त्याच्यासाठी कोणी हट्ट धरणार नाही. पावसाळ्यात तो सुमारे ५० मीटरवरून कोसळतो, पण पाऊस सरल्यावर धरणातून किती पाणी सोडले आहे, यावर त्याचे दर्शन अवलंबून असते. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडण्याची पाळी, चालू नसेल तर जानेवारीत तिथे ओला कातळ आणि बारीक धार बघून परतावे लागते. धरणाच्या पायथ्याशी पडणाऱ्या अंब्रेला फॉलचेही तसेच. धबधब्यासाठी जायचे तर ऑगस्टमध्ये जावे. जानेवारीचे भंडारदरा हे पाण्याचे आणि उन्हाचे आहे, आणि मला स्वतःला ते पावसाळ्यातल्या गर्दीपेक्षा कितीतरी जास्त आवडते.

दिवस शनिवारच निवडा. सोमवारी सकाळी मुलांना झेंडावंदनाला शाळेत जायचे असेल, आणि रविवारी मुंबई-पुण्याहून मुक्कामाला आलेली मंडळी काठावर सगळीकडे पसरलेली असतील. शनिवारी सकाळी लवकर पोचलात तर त्यांच्या गाड्या यायच्या आत तुम्हाला निवांत तीन-चार तास मिळतात. शिवाय परत आल्यावर दोन दिवस हातात राहतात आणि सोमवारच्या संध्याकाळी 'उद्या ऑफिस, उद्या शाळा' हे ओझे मनावर नसते.

पहाटे सव्वासहाला निघा. त्या दिवसांत नाशिकला सूर्योदय सातच्या सुमारास होतो, म्हणजे महामार्गाचा बराचसा भाग उजाडता उजाडता पार होईल. घोटीला अर्धा तास थांबा. हा थांबा चहासाठी नाही, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आहे. तासभर पाय दुमडून बसल्यावर त्यांनी दहा मिनिटे सावकाश चालले तर शेंडीला उतरताना कळ येत नाही. मुलीला निघताना पोटभर दूध देऊ नका, कोरडी पोळी किंवा दोन बिस्किटे पुरे. तिला मागच्या सीटवर मधे बसवा, म्हणजे समोरचा रस्ता दिसेल, आणि तिच्या हातात मोबाईल किंवा पुस्तक देऊ नका. डोळे जवळच्या अक्षरांवर आणि शरीर वळणांवर, असा मेळ बिघडला की मळमळ सुरू होते. तरीही त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधी गोळी द्यावी. बारीजवळ मात्र गाडी सावकाश चालवायला सांगा. कळसूबाईला जाणारे तिथूनच चढतात, आणि सुट्टीच्या पहाटे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या गाड्या आणि पाठीवर पिशव्या घेतलेली मुले असतात. १६४६ मीटरचे ते राज्यातले सर्वांत उंच शिखर मुलाला गाडीतूनच दाखवा आणि ते चढण्यासाठी वेगळ्या दिवसाचे वचन द्या.

साडेआठ-पावणेनऊला तुम्ही पाण्यापाशी असाल. तोवर धुके बरेचसे निवळले असेल, पण थोडे असतेच. थंडीच्या रात्री हवा झपाट्याने गार होते आणि एवढे मोठे पाणी सावकाश गार होते. म्हणून सकाळी त्या कोमट पाण्यावरून वाफ उठते आणि समोरच्या डोंगरांचे पाय दिसेनासे होतात, नुसती शिखरे तरंगताना दिसतात. काही वर्षांपूर्वी माझ्या आईला घेऊन मी याच दिवसांत गेले होते. तिलाही चालवत नव्हते. आम्ही तिच्यासाठी घरातली प्लास्टिकची हातांची खुर्ची गाडीच्या डिकीत घालून नेली, पाण्यापासून पंधरा-वीस पावलांवर सपाट जागेत ठेवली, आणि ती शाल लपेटून बसली. समोर एक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा खंड्या पाण्यावर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबायचा, मान खाली, चोच खाली, आणि मग दगड टाकावा तसा सरळ पाण्यात पडायचा. पहिल्या तीन वेळा तो रिकामाच वर आला. चौथ्या वेळी त्याच्या चोचीत बोटाएवढा मासा होता. तो त्याने काठावरच्या वाळक्या फांदीवर दोनदा आपटला आणि गिळला. आई एवढेच म्हणाली, "मिळाला हो त्याला." त्या सकाळी आम्ही आणखी काहीही बघितले नाही. आई पुढे सहा वर्षे होती, आणि भंडारदऱ्याचा विषय निघाला की ती त्या खंड्याविषयीच बोलायची.

म्हणून सासूबाईंना घरी ठेवू नका. 'माझ्यामुळे अडचण नको' असे त्या म्हणतात, कारण गेल्या वर्षी अडीच तास बंद गाडीत बसून आपण अडचण आहोत, हे त्यांनी स्वतःच्या मनाशी पक्के केले आहे. सहलच बसण्याची असेल तर त्यांच्या गुडघ्यांची अडचण कोणाला होणार? खुर्ची, शाल, कानटोपी आणि त्यांच्या गोळ्यांची डबी बरोबर घ्या, आणि त्यांना विचारण्याऐवजी सांगा : "आई, शनिवारी सव्वासहाला निघायचे आहे, तुमची खुर्ची डिकीत टाकली आहे." खुर्ची गाडीत गेलेली दिसली की त्यांचा नकार बहुतेक गळून पडेल. एक गोष्ट मात्र आधी पक्की करा, आणि ती म्हणजे स्वच्छतागृह. काठावरच्या मोकळ्या जागेत ही सोय नसते, आणि वयस्क बाया त्या धास्तीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान जलाशयाला लागूनच आहे. तिथे किंवा शेंडीतल्या एखाद्या खानावळीत आधी फोन करून, जेवायला येणाऱ्यांसाठी सोय आहे का, हे विचारून घ्या आणि बसण्याची जागा त्याच्या जवळपास निवडा.

पाण्यात कोणीही उतरायचे नाही, हे मुलांना घरातूनच बजावून न्या. हा घाट बांधलेला तलाव नाही. शेतीला पाणी सोडले की पातळी खाली जाते आणि काठाचा गाळ उघडा पडतो; वरून तो वाळलेला, भेगा पडलेला दिसतो, पण पाय टाकला की आत भुसभुशीत असतो, आणि पुढे पाण्याखालचा उतार कुठे एकदम तुटतो ते वरून कळत नाही. पोहता येणारी माणसेही अशा धरणांत बुडाली आहेत. चौथीतल्या मुलीला काठावर खेळू द्यावे, पण कोणाचे तरी एकाचे लक्ष तिच्यावर असावे, आणि तो 'कोणीतरी' म्हणजे आपोआप तुम्ही, असे होऊ देऊ नका. सकाळी दहापर्यंत यजमान, जेवणानंतर मुलगा, असे वाटून द्या.

मुलगा सात तास स्वस्थ बसणार नाही, हे उघड आहे, आणि त्याने बसावे अशी अपेक्षाही धरू नये. पाणी पुरेसे असले तर शेंडीच्या बाजूने बोटी रतनवाडीच्या दिशेने जातात; उतरून काही अंतर चालले की अमृतेश्वराचे देऊळ येते. हेमाडपंती बांधणीचे, कोरीव दगडांचे ते देऊळ आणि शेजारची कोनाड्यांत मूर्ती असलेली पुष्करणी, मागे रतनगड. गेल्या वर्षी तुम्ही ते घाईत बघितले. या वेळी बाप-लेक दोघेच सावकाश बघून येतील. प्रवरेचा उगम त्याच रतनगडाच्या डोंगरात आहे, हे वडिलांनी मुलाला तिथे उभे राहून सांगावे. बोटीचे भाडे बसण्याआधी ठरवावे, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नये, आणि एक वाजेपर्यंत परत यावे. यजमानांना 'काहीतरी बघितले' असे वाटण्याची गरज आहे, आणि ती गरजही खरी आहे. ती पुरी करण्यासाठी पाचही जणांना गाडीत कोंबायचे कारण नाही, एवढेच. बाप-लेक गेले की त्या तीन तासांत काठावर तुम्ही, सासूबाई आणि मुलगी एवढ्याच असाल. तेव्हा मुलीवर लक्ष ठेवण्याचे काम सासूबाईंच्या खुर्चीजवळच, पाण्यापासून लांब, चित्रे काढण्याची वही आणि रंग देऊन हलके करा.

आता डब्याविषयी, आणि इथे मी जरा ठामपणे लिहिणार आहे. या वेळी स्वयंपाक करून नेऊ नका. पुऱ्या नाहीत, धपाटे नाहीत. चिवडा, संत्री, पेरू, थर्मासमध्ये चहा आणि पिण्याचे पाणी एवढेच न्या, आणि तेही शुक्रवारी रात्री नऊच्या आत भरून दाराशी ठेवा. पिशवी मुलाने भरावी. नववीतल्या मुलाला हे जमते. जेवण शेंडीत घ्यायचे. आदल्या दिवशी सांगून ठेवले तर तिथल्या खानावळींत भाकरी, पिठले, ठेचा, भात-आमटी गरम मिळते. मांसाहार चालत असेल तर गावठी कोंबडीही करून देतात. हा भाताचा मुलूख आहे. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा इथल्या ताटातला भात मुलांना लक्ष देऊन खायला सांगा. बाहेरचे जेवण म्हणजे उधळपट्टी, असे सासूबाईंच्या पिढीला वाटते, हे मी जाणते. त्यांना सांगावे की ज्या आदिवासी गावांच्या जमिनी या पाण्याखाली आहेत, त्यांच्या चुलीवरचे जेवण विकत घेतले तर पैसा योग्य घरी जातो. ही समजूत घालण्यासाठी केलेली बतावणी नाही, मला ते मनापासून तसेच वाटते.

दुपारी जेवून तासभर सावलीत पडा. सतरंजी मोठी न्या. साडेतीनला आवरायला घ्या आणि पावणेचारला निघा, म्हणजे सव्वासहाच्या सुमारास, अंधार पडायच्या आत, घरी पोचाल. सूर्यास्त तिथे बघायचा मोह सर्वांना होईल. तो यंदा टाळावा, कारण बारीचा वळणांचा रस्ता अंधारात आणि समोरून प्रखर दिव्यांच्या गाड्या येत असताना चालवणे हे यजमानांच्या दिवसभराच्या विसाव्यावर पाणी फिरवणारे आहे. हा सगळा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे; वनखात्याच्या नाक्यावर शुल्क मागितले तर ते द्यावे, मोठ्याने गाणी लावू नयेत, आणि चिवड्याची रिकामी पिशवी, संत्र्याच्या साली सगळे बरोबर परत आणावे.

शुक्रवारी काही कारणाने झोपायला उशीर झाला आणि पहाटे उठवले नाही, तर चिडचिड करत दहाला भंडारदऱ्याला निघू नका. तेव्हा बेत बदला. दुपारी तीननंतर गंगापूर धरणावर जा, ते घरापासून अर्ध्या तासावर आहे. नाहीतर निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर गाठा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे ते पाणथळ राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, २०२० मध्ये त्याला तो दर्जा मिळाला, आणि थंडीत तिथे दूरदेशीची बदके आणि इतर पक्षी उतरलेले असतात. तिथेही सासूबाईंची खुर्ची चालेल.

एवढे सगळे यजमानांना एकदम सांगायला गेलात तर ते वादात हरवेल. त्यापेक्षा हे उत्तर त्यांच्या हाती द्या आणि गुरुवारी रात्री जेवणानंतर वाचायला सांगा. खानावळीला फोन त्यांनीच करावा, म्हणजे सहल त्यांचीही होईल. पाच ताटे सांगावीत, वेळ दीडची द्यावी, आणि सासूबाईंच्या ताटातला ठेचा वेगळा, कमी तिखटाचा ठेवायला सांगावे.